पहिली जुनी हंबकर गिटार घेताना आधी नेक बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. देवगडला राहता, काही वर्षं अकूस्टिक गिटार वाजवताय, बी. बी. किंग आणि फ्रेडी किंग हे ब्लूज गिटारवादक ऐकून आता इलेक्ट्रिकवर ब्लूज वाजवायचा आहे. सगळं मिळून ३०,००० रुपये हाताशी आहेत, म्हणून जुनी गिटार घ्यायचं ठरवलंय आणि ती हंबकर प्रकारच्या पिकअपचीच (पिकअप म्हणजे तारांखालचा, त्यांचं कंपन पकडणारा चुंबकी भाग) हवी आहे. समोर तीन पर्याय आहेत: म्हापशाला २२,००० ची एपिफोन लेस पॉल, रत्नागिरीत १२,००० ची हलत्या ब्रिजची (ब्रिज म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तो भाग) आयबानेझ, आणि मुंबईतला एक जण ३५,००० ला ‘गिब्सन लेस पॉल’ देतोय. यातली कुठली घ्यावी आणि घेताना काय तपासावं?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. मुंबईची सोडून द्या. रत्नागिरीची वाईट नाही, पण ब्लूजसाठी तिच्यात एक अडचण आहे. म्हापशाची स्वतः जाऊन, हातात घेऊन बघा. नेक (गिटारचा लांब दांडा) आणि फ्रेट (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) धड असतील तर घ्या, नसतील तर तीही सोडा आणि थांबा. मी कुडाळला गिटारदुरुस्तीचं काम करतो. लोक हौसेने जुनी गिटार घेतात, माझ्याकडे आणतात आणि मला ‘यात काही करता येणार नाही’ असं सांगावं लागतं, तेव्हा कारण जवळजवळ नेहमी नेकमध्येच असतं. पिकअप बंद आहे, जॅक सैल झालाय, व्हॉल्यूम फिरवला की खरखर होते, ही सगळी कामं एका दुपारची. पिळलेली नेक मात्र सरळ होत नाही. जाहिरातीत मात्र लोक पिकअपची नावं मोठ्या अक्षरात लिहितात आणि नेकबद्दल एक शब्द नसतो.

हंबकर म्हणजे काय, हे नीट समजून घेतलं तर तपासणी सोपी जाते. साध्या पिकअपमध्ये चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचं एकच वेटोळं असतं. ते गिटारच्या तारेचं कंपन पकडतं, तशीच घरातल्या वायरिंगची आणि ट्रान्सफॉर्मरची ५० हर्ट्‌झची गुणगुणही पकडतं. गिब्सन कंपनीतले अभियंते सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावर उपाय काढला. दोन वेटोळी शेजारी-शेजारी, एकाचं चुंबकीय तोंड दुसऱ्याच्या उलट आणि वळणही उलट. तारेचा आवाज दोन्हींत मिळून वाढतो, बाहेरून आलेली गुणगुण एकमेकांत कटून जाते. १९५७ पासून हे पिकअप लेस पॉलवर बसू लागले आणि १९५८ मध्ये आलेल्या ईएस-३३५ या अर्ध-पोकळ गिटारवरही. दोन वेटोळी तारेचं कंपन दोन जवळजवळच्या ठिकाणी ऐकतात, त्यामुळे अगदी वरचे तीक्ष्ण स्वर थोडे दबतात आणि मधला भाग भरीव होतो. ब्लूजमध्ये एकच स्वर धरून ठेवायचा असतो, तेव्हा हा भरीवपणा फार कामाला येतो. (सिंगल कॉइलवर, म्हणजे एका वेटोळ्याच्या पिकअपवर, ब्लूज वाजत नाही असं मुळीच नाही. ब्लूज गिटारवादक बडी गाय आयुष्यभर मुख्यतः तसल्याच पिकअपची स्ट्रॅटोकास्टर वाजवत आले आहेत. पण तुम्हाला हवा असलेला आवाज दोन किंगांचा आहे, तेव्हा हंबकर ही निवड बरोबर.)

हंबकर घेतला म्हणजे सगळी गुणगुण गेली, असं मात्र समजू नका. तो फक्त चुंबकीय मार्गाने येणारी गुणगुण कापतो. घराचं अर्थिंग कमजोर असेल, किंवा वीज गेल्यावर अ‍ॅम्प स्वस्त इन्व्हर्टरवर चालत असेल, तर भुणभुण येणारच, आणि त्यात गिटारचा दोष नसतो. आपल्याकडे जांभ्याच्या सड्यावरच्या घरांत उन्हाळ्यात जमीन कोरडी ठणठणीत होते, अर्थिंगच्या खड्ड्यात कोणी पाणी घालत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये अ‍ॅम्प भुणभुणायला लागतो. तारांना हात लावल्यावर भुणभुण कमी झाली तर काळजी नाही, ब्रिज जमिनीला जोडलेला असल्याची ती खूण आहे. पण तारांना किंवा माइकला हात लावल्यावर मुंग्या आल्या, बारीकसा जरी झटका बसला, तर त्याच क्षणी अ‍ॅम्पचा प्लग काढा आणि वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्या. यात चालढकल करू नका. खराब अर्थिंगवर एका हातात तारा आणि ओठ माइकला, अशा स्थितीत माणसं दगावली आहेत.

आता नेककडे. ब्लूज गिटारचा जीव तार ताणण्यात आहे. ब्लूजमधला गांधार ना पुरता कोमल ना पुरता शुद्ध. दोन्हींच्या मधली एक जागा असते आणि ती बोटाने तार रेटून गाठायची असते. ज्यांनी थोडंफार शास्त्रीय संगीत ऐकलंय त्यांना ही जागा लगेच कळते. बी. बी. किंग वाजवताना कॉर्ड फारशा वापरतच नसत. त्यांचं सगळं बोलणं एकेका ताणलेल्या, थरथरत्या स्वरात. हे काम नेक आणि फ्रेट करतात. फ्रेट झिजलेली असेल तर तार ताणताना ती खड्ड्यात अडते, बोटाला खरखर लागते आणि स्वर मधेच मरतो. जगातला सर्वांत महाग पिकअप बसवला तरी मेलेला स्वर त्याला ऐकू येत नाही.

म्हणून गिटार हातात आली की अ‍ॅम्पला लावायची घाई करू नका. आधी सुरात लावा. सुरात न लावलेल्या गिटारची नेक तपासण्यात अर्थ नाही, कारण तारांचा ताण नसेल तर ती वेगळ्याच जागी असते. मग बॉडीकडून हेडस्टॉककडे (खुंट्या असतात त्या शेंड्याकडे), बंदुकीचा नेम धरतात तशी डोळ्यासमोर धरून नेकच्या दोन्ही कडा बघा. दोन्ही कडा सारख्याच किंचित खोल दिसल्या तर उत्तम. एक कड वर आणि दुसरी खाली जात असेल तर नेक पिळली आहे. तिथेच गिटार खाली ठेवा, आभार माना आणि निघा. किंमत निम्मी केली तरी घेऊ नका.

कडा ठीक दिसल्या तर जाडी तार डाव्या हाताने पहिल्या फ्रेटवर आणि उजव्या हाताने बॉडीजवळच्या सतराव्या फ्रेटवर दाबा. तार आता ताठ पट्टीसारखी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटर फट हवी. खिशातलं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. फट जास्त असेल किंवा अजिबातच नसेल, तरी घाबरू नका. ट्रस रॉड (नेकच्या आतला धातूचा दांडा) फिरवून ती जमवता येते. खरा प्रश्न हा की ट्रस रॉड फिरतो का. किनाऱ्यावरच्या गिटारींत त्याचं फिरवायचं नट (बोल्टाची चाकी) गंजून बसलेलं मी पुन्हा पुन्हा पाहतो. मालकाला विचारून, योग्य मापाची अ‍ॅलन की किंवा पाना लावून आधी पाव फेरा सैल करा, मग परत आणा. गुळगुळीत फिरला तर बरं. हलतच नसेल तर जोर लावू नका. आणि काही न अडता गरागरा फिरत असेल तर आतला दांडा तुटलेला असू शकतो. तीही गिटार सोडायची. आपल्याकडे जुलैत आणि मेमध्ये नेक एकाच जागी राहत नाही, वर्षातून दोनदा तरी हा पाव फेरा लागतोच. त्यामुळे ट्रस रॉड अडकलेली गिटार पुण्या-नाशिकला एक वेळ चालेल, देवगडला नाही.

फ्रेट बघताना उजेड तिरका पडू द्या. जुन्या मालकाने पहिल्या तीन फ्रेटवर कॉर्ड धरल्या असतील तर तिथे तारांखाली खाचा दिसतील. सोलो वाजवणारा असेल तर पाचव्यापासून पंधराव्यापर्यंत, तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेखाली. हलक्या खाचा घासून, पॉलिश करून जातात. फ्रेट एकदम चपट्या आणि बुटक्या दिसल्या, म्हणजे त्या आधीच एक-दोनदा घासून झाल्या असल्या, तर पुढे घासायला धातूच उरलेला नसतो. नव्या फ्रेट बसवणारा चांगला कारागीर सिंधुदुर्ग-रत्नागिरीत सहज मिळत नाही, गोवा किंवा मुंबई गाठावी लागते, आणि २२,००० च्या गिटारवर तो खर्च पटण्यासारखा नाही. फ्रेटवर हिरवट थर असेल तर तो खाऱ्या हवेचा आणि घामाचा. निकेल सिल्व्हर म्हणतात त्या मिश्रधातूत तांबं असतं, ते हिरवं पडतं. वरवरचा असेल तर पुसून जातो. खाली बारीक टोचे पडले असतील तर पैसे कमी करून मागा.

मग प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा. कंटाळवाणं काम आहे, पण करा. त्यानंतर पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेवर बाराव्या ते सतराव्या फ्रेटवर पूर्ण एक स्वर तार ताणा आणि तशीच धरून ठेवा. ताणलेला स्वर घसा दाबल्यासारखा बंद पडला तर पुढची कुठली तरी फ्रेट उंच आहे किंवा तारांची उंची फार खाली आणलेली आहे. बाराव्या फ्रेटपाशी तारेची उंची १.५ ते २ मिलिमीटर असताना स्वर मोकळा राहत असेल तर ती गिटार ब्लूजची. विकणारे तारा मुद्दाम अगदी खाली आणून ठेवतात, म्हणजे पहिल्या स्पर्शाला गिटार हलकी वाटते. त्याला भुलू नका.

लेस पॉलच्या जातीत आणखी एक हमखास जागा तपासायची: नटच्या (तारा ज्या खाचांत बसतात त्या हेडस्टॉकजवळच्या पट्टीच्या) मागे, जिथून हेडस्टॉक मागे झुकतो. ट्रस रॉडच्या खाचेमुळे तिथे लाकूड आधीच कमी असतं, वर तो कोन, त्यामुळे गिटार स्टँडवरून मागे पडली की नेमकी तिथे तडकते. मागून, तिरक्या उजेडात, नखाने चाचपून बघा. वाकडीतिकडी, लाकडाच्या रेषेबरोबर धावणारी केसासारखी भेग दिसली तर ती तड. मात्र बऱ्याच एपिफोनमध्ये हेडस्टॉकचा तुकडा कारखान्यातच वेगळा जोडलेला असतो. तो सांधा सरळ, स्वच्छ आणि दोन्ही बाजूंना सारखा दिसतो. त्याला तड समजून चांगली गिटार सोडू नका. नीट चिकटवलेली तड पुढे वर्षानुवर्षं टिकते, पण मग किंमत स्पष्टपणे उतरली पाहिजे आणि मालकाने ती स्वतःहून सांगितलेली असली पाहिजे. लपवली असेल तर त्याने आणखी काय लपवलं, ते शोधत बसू नका.

जाता जाता फिंगरबोर्डबद्दल, म्हणजे नेकवर फ्रेट बसवलेल्या लाकडी पट्टीबद्दल. २०१७ मध्ये शिसवीच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आले, तेव्हा अनेक कंपन्या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, तरी ती लाकडं राहिली. एपिफोनच्या अलीकडच्या अनेक गिटारींवर ‘इंडियन लॉरेल’ असं लिहिलेलं आढळतं. तो आपल्या रानातला ऐन. रंग जरा फिका, कोरडा दिसतो म्हणून लोक नाक मुरडतात. ऐन कणखर लाकूड आहे, निर्धास्त घ्या.

आता अ‍ॅम्प लावा. स्वतःची केबल आणि एक साधा मल्टिमीटर बरोबर न्या. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळतो. केबल गिटारमध्ये घाला, दुसऱ्या टोकाला प्लगच्या टोकावर एक आणि दांड्यावर दुसरी सुई धरा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा. सिलेक्टर (पिकअप निवडायचं बटण) एकेका पिकअपवर ठेवून ओहममधला आकडा बघा. जुन्या धर्तीच्या हंबकरचा आकडा साधारण ७ ते ९ किलोओहम येतो, आणि ब्लूजला हाच हवा. १३ ते १६ आला तर तो मेटल वाजवणाऱ्यांसाठी जास्त गुंडाळलेला पिकअप. बिघडलेला नाही, पण व्हॉल्यूम कमी केला तरी तो नीट स्वच्छ होत नाही. अपेक्षेच्या निम्मा आकडा आला तर एक वेटोळं बाद आहे किंवा कॉइल स्प्लिटचं (एकच वेटोळं चालू ठेवण्याचं) बटण ओढलेलं आहे, तेवढं बघून घ्या. आणि ५०० किलोओहमच्या आसपास आला तर पिकअपची तार आत तुटली आहे. तो आकडा पिकअपचा नसून व्हॉल्यूमच्या पॉटचा (बटणाखालच्या फिरत्या रोधकाचा) आहे. सिलेक्टर मधोमध असताना दोन्ही पिकअप समांतर जोडले जातात आणि आकडा निम्म्यावर येतो, तेव्हा फसू नका. मल्टिमीटर नसेल तर अ‍ॅम्प हळू ठेवून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दोन्ही वेटोळ्यांवर अलगद टकटक करा. दोन्हींतून सारखा टक आवाज आला पाहिजे.

मधल्या जागी आवाज एकदम पातळ, नाकातून आल्यासारखा वाटला तर दोन पिकअप एकमेकांच्या उलट जोडले गेले आहेत. ब्लूज गिटारवादक पीटर ग्रीन यांच्या लेस पॉलचा तो प्रसिद्ध आवाज असाच, एका पिकअपचं चुंबक उलटं असल्यामुळे यायचा. तुम्हाला आवडला तर ठेवा, नाही तर दोन सांध्यांचं काम आहे.

खारं वारं सगळ्यात आधी कुठे लागतं ते सांगतो, कारण पुण्या-बंगळुरूहून लिहिणारे हे सांगत नाहीत. पिकअपवरचे स्क्रू तांबूस झालेले दिसतात, त्याने आवाजाला काही होत नाही. पण पिकअपमधली तार ०.०६ मिलिमीटरच्या आसपास जाडीची असते आणि दोन वेटोळी मिळून तिचे सुमारे १०,००० फेरे असतात. तिच्या टोकाशी गंज शिरला की पिकअप एके दिवशी अचानक बंद पडतो. ब्रिजमधले सॅडल (प्रत्येक तार टेकते त्या छोट्या घोड्या) पुढे-मागे सरकवणारे छोटे स्क्रू अडकतात, मग बाराव्या फ्रेटवरचा स्वर सुरात आणता येत नाही. पॉट आणि सिलेक्टर खरखरतात. म्हणून मालकाची परवानगी घेऊन मागचं झाकण उघडाच. आत धूळ, थोडं काळवंडलेलं सोल्डर चालेल. पॉट बदलायची वेळ आली तर हंबकरला ५०० किलोओहमचे लागतात, २५० चे लावले तर आवाज बसका होतो. टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा तुमचा नेहमीचा माणूस हे काम करू शकेल, फक्त आकडा लिहून द्या.

झाकणाच्या आत गाळाचा सुकलेला थर, पाण्याची रेघ किंवा पॉटवर एकसारखा तपकिरी गंज दिसला तर गिटार पुरात होती. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात घरंच्या घरं पाण्याखाली गेली, त्यात वाद्यंही गेली. पुसून, तारा बदलून अशी गिटार बाहेरून चांगली दिसू शकते, पण नेकचा सांधा आणि फिंगरबोर्डचा गोंद पाण्याने सुटतो आणि ते वर्ष-दोन वर्षांनी कळतं. नुकसान झालेल्या माणसाबद्दल सहानुभूती ठेवा, पण ती गिटार घेऊ नका. अ‍ॅम्प तर अजिबातच नको.

आता तुमचे तीन पर्याय. मुंबईची ‘गिब्सन’: खरी गिब्सन लेस पॉल स्टँडर्ड लाखांच्या घरात जाते. ती ३५,००० ला कोणी देत असेल तर ती नकली असण्याची शक्यता फार मोठी. खऱ्या गिब्सनच्या हेडस्टॉकवर ट्रस रॉडचं झाकण दोन स्क्रूंनी बसवलेलं असतं, नकलींवर अनेकदा तीन असतात. हा एकच पुरावा पुरेसा नाही, पण तीन दिसले तर पुढे बोलायची गरज नाही. त्यातून विकणारा म्हणत असेल की सैन्यात आहे, बदली झाली, आगाऊ रक्कम पाठवा, कुरिअर करतो, तर एक रुपयाही पाठवू नका. हा फसवणुकीचा जुना प्रकार आहे.

रत्नागिरीच्या आयबानेझची अडचण म्हणजे तिचा हलता ब्रिज. तो स्प्रिंगांवर तोललेला असतो. एक तार ताणली की ब्रिज किंचित पुढे झुकतो आणि बाकीच्या तारा उतरतात. ब्लूजमध्ये एक तार ताणून शेजारची सरळ वाजवायची सवय सतत लागते, तिथे ते बेसूर ऐकू येतं. मागच्या बाजूला ब्रिजमागे लाकडाची चकती अडकवून किंवा स्प्रिंग घट्ट करून तो स्थिर करता येतो, म्हणजे हा दोष कायमचा नाही. दुसरं, तिची तारेची लांबी ६४८ मिलिमीटर आणि लेस पॉलची ६२८. त्याच जाडीच्या तारा लेस पॉलवर बोटाला जरा मऊ लागतात, ताणायला सोप्या जातात. म्हापशाची जमली नाही आणि रत्नागिरीच्या गिटारची नेक उत्तम निघाली, तर ती घ्यायला माझी हरकत नाही. १८,००० उरतात, त्यात चांगला अ‍ॅम्प येतो.

म्हापशाची एपिफोन. एपिफोन १९५७ पासून गिब्सनच्याच मालकीची आहे, त्यामुळे ‘लेस पॉल’ हे नाव तिच्यावर असणं म्हणजे नक्कल नव्हे. पण ‘लेस पॉल’ या एका नावाखाली एपिफोनचे बरेच प्रकार आहेत. स्पेशल प्रकारातल्या स्वस्त गिटारींची नेक चार स्क्रूंनी जोडलेली असते, स्टँडर्डची चिकटवलेली. मागून फोटो मागवा, लगेच कळेल. स्क्रूवाली वाईट नाही, पण तिला २२,००० देऊ नका. जुन्या गिटारला त्याच मॉडेलच्या आजच्या नव्या किमतीच्या साठ टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नये, हा माझा नियम आहे, आणि खाऱ्या हवेत राहिलेली असेल तर पन्नास. स्टँडर्ड असेल आणि नेक चांगली असेल तर वीसपर्यंत आणायचा प्रयत्न करा. लेस पॉल जड असते, साधारण चार किलोच्या आसपास. उभं राहून पट्टा लावून दहा मिनिटं वाजवून बघा, पाठ काय म्हणते ते तिथेच कळेल.

२०,००० च्या वर मी जाऊ देत नाही याचं कारण अ‍ॅम्प. इलेक्ट्रिक गिटारचा अर्धा आवाज अ‍ॅम्पमध्ये असतो. फेंडर चॅम्पियन २० सारखा छोटा अ‍ॅम्प, किंवा जुना बॉस कटाना ५० मिळाला तर फारच छान. कटानाला अर्ध्या वॉटवर आणता येतं, म्हणजे रात्री शेजाऱ्यांना न उठवता आवाज किंचित फुटण्याच्या काठावर ठेवता येतो. ब्लूज त्या काठावरच राहतो. नेकजवळचा पिकअप लावा, गिटारचा व्हॉल्यूम सातवर ठेवा, अ‍ॅम्पचा गेन असा जमवा की हळू छेडलं तर आवाज स्वच्छ आणि जोरात छेडलं तर थोडा करकरीत. टोनचं बटण पूर्ण बंद करून बघा, एरिक क्लॅप्टन यांचा क्रीम या बँडच्या काळातला मऊ, गोल आवाज तिथे सापडतो. मग व्हॉल्यूम दहावर न्या. पेडल-बिडल काही घेऊ नका, निदान वर्षभर तरी.

म्हापशाला जायला कणकवलीहून गाडी धरून थिवीला उतरा, तिथून म्हापसा जवळ आहे. दिवसा जा. फ्रेट ट्यूबलाइटच्या उजेडात दिसत नाहीत. येताना गिटार रेल्वेत वरच्या फळीवर आडवी टाकू नका, मांडीशी उभी धरा. कुरिअरने मागवायची वेळ आलीच तर मालकाला तारा थोड्या सैल करायला आणि हेडस्टॉकच्या खाली-वर कापडाच्या घड्या भरायला सांगा, कारण धक्का तिथेच बसतो.

घरी आणली की पहिल्यांदा तारा बदला, १०-४६ जाडीच्या लावा. बोटं दुखली तर ९-४२ घ्या, त्यात कमीपणा काही नाही. आपल्या हवेत साध्या तारा पावसाळ्यात लवकर गंजतात, म्हणून लेप असलेल्या तारांचे जास्तीचे पैसे द्यावेत असं मी सांगतो. वाजवून झालं की प्रत्येक वेळी तारा आणि ब्रिज कोरड्या सुती कापडाने पुसा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गिटार बंद बॅगेत ठेवू नका, बॅगेतला फोम ओल धरतो आणि फिंगरबोर्डवर बुरशी येते. जांभ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवूनही नको. आतल्या खोलीत, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या मंद आचेवर तव्यात सुकवून परत वापरा. पहिला पाऊस लागून पंधरवडा झाला की तो व्हिजिटिंग कार्डाचा प्रयोग पुन्हा करा. फट बदललेली असेल, तेव्हा पाव फेरा. ते जमत नसेल तर गिटार घेऊन कुडाळला या, समोर बसवून शिकवतो.